आईने न पाहिलेला पिक्चर

माझ्या आईबाबांमधलं एकच मोठं भांडण मी पाहिलं, आणि ते एका इंग्रजी पिक्चरवरून झालं. तेव्हा दोघंही साठीच्या पुढे होते आणि पहिल्यांदाच अमेरिकेत, हर्नडनला माझ्याकडे आले होते. दोन हजार पाचचा उन्हाळा. माझा नवरा सोमवारी सकाळी विमानाने ओहायोला क्लायंटकडे जायचा तो गुरुवारी परत यायचा, त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही तिघंच असायचो.

बाबा गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत भंडारा, तुमसर, गोंदिया अशा बदल्या होत होत रिटायर झालेले. पण त्याआधी, नागपुरात व्हेटरनरीला शिकत असताना, ते एनसीसीच्या घोडेस्वारांत होते. त्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवायला एक निवृत्त रिसालदार येत. ते फार कडक होते. कोणी लगाम ओढून धरला की दहा घोड्यांना ऐकू जाईल असे ओरडत. हे रिसालदार म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील.

त्याच वर्षांत कधीतरी नागपुरात तो पिक्चर लागला होता. ओसाड मुलखातला एक किल्ला, त्यात अमेरिकन घोडदळाची तुकडी, तिचा म्हातारा मेजर आणि मेजरची एकुलती एक मुलगी. एक कॅप्टन, मिशीवाला, कमी बोलणारा. एक लेफ्टनंट, देखणा, सारखा हसणारा. दोघांचंही त्या मुलीवर मन. बाबांनी तो पिक्चर एकदाच पाहिला होता, पण आम्हा भावंडांना त्याची गोष्ट शंभर वेळा तरी सांगितली असेल. तुमसरला लाइट गेले की आम्हीच मागे लागायचो. बाबा तोंडाने टापांचा आवाज काढायचे. रेड इंडियन लोकांनी किल्ल्याला वेढा घातला की आम्ही घोडदळाच्या बाजूने टाळ्या वाजवायचो. आपणही इंडियनच, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. शेवटी कॅप्टन एकटा वेढ्यातून बाहेर पडून मदत घेऊन येतो, मेजर मुलीचा हात त्याच्या हातात देतो, आणि लेफ्टनंट बदलीचा हुकूम घेऊन दुसऱ्या किल्ल्यावर निघून जातो. इथे बाबा उठून उभे राहायचे आणि त्या जाणाऱ्या लेफ्टनंटला कडक सॅल्यूट ठोकायचे.

आई तांदूळ निवडता निवडता दर वेळी तेच विचारायची, "मग त्या लेफ्टनंटचं पुढे काय झालं?"

"गेला ना बदलीवर," बाबा म्हणायचे.

"तू पाहिलास का गं आई?" आम्ही विचारायचो.

"मी कुठली पाहते बाप्पा! माझ्या बाबांनी पाहू दिला असता होय?"

हर्नडनला बाबांचा वेळ जाता जात नसे. सकाळी ते लांब फिरायला जात. आमच्या वस्तीच्या मागे, रस्ता संपतो तिथे एकाचं कुरण होतं आणि त्यात दोन घोडे असत. बाबा कुंपणाला टेकून तासभर त्यांच्याकडे बघत उभे राहत. दुपारी जेवण झालं की टीव्ही. एका चॅनलवर दिवसभर जुने सिनेमे चालत.

त्या दिवशी मी घरून काम करत होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते, आई पोळ्या लाटत होती. एकदम बाबा ओरडले, "अगं ये! लवकर ये! हाच तो पिक्चर!"

मी तर धावलेच. आई हात पुसत आली, टीव्हीकडे क्षणभर बघून म्हणाली, "हाच होय?" आणि तव्यावरची पोळी जळेल म्हणून परत गेली. मला गंमत वाटत होती. लहानपणी डोळ्यांपुढे उभा केलेला किल्ला तसाच होता, फक्त जरा छोटा. किल्ल्याच्या मैदानात परेड चाललेली, मेजरची मुलगी छत्री घेऊन उभी.

आतून आईचा आवाज आला, "आता तो हसरा पडेल बघा. छत्री उडाली की घोडा बिचकतो."

आणि खरंच वाऱ्याने छत्री उडाली, लेफ्टनंटचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, लेफ्टनंट धाडकन खाली. मेजरची मुलगी सगळं सोडून त्याच्याकडे धावत सुटली.

बाबांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"अहो बाबा, काय केलंत?" मी म्हटलं.

त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते ओट्याजवळ जाऊन उभे राहिले. "तुला कसं माहीत?"

"काय?"

"छत्रीचं."

"तुम्हीच सांगितलं असेल कधी."

"मी छत्रीचं कधीच सांगितलं नाही."

आईने पोळी उलटली. "मग अंदाज केला. छत्री दाखवून राहिले म्हणजे ती उडणारच ना."

बाबा परत येऊन बंद टीव्हीसमोर बसून राहिले. मी मनातल्या मनात सगळी गोष्ट आठवून पाहिली. बाबांचं बरोबर होतं. त्यांच्या गोष्टीत छत्री नव्हती, लेफ्टनंटचं पडणं नव्हतं, आणि ती मुलगी त्याच्याकडे धावत गेल्याचंही नव्हतं.

संध्याकाळी ते मला म्हणाले, "चल, घोड्यांपर्यंत जाऊन येऊ." कुंपणाशी पोचल्यावर ते टेकून उभे राहिले. मग घोड्यांकडे बघतच बोलायला लागले.

"तो पिक्चर नागपुरात फार दिवस नव्हता. मी एकदा पाहिला, त्याच्यासोबत. तो मात्र नंतर पुन्हाही गेला होता. कोणासोबत गेला, ते त्यानं मला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

'तो' म्हणजे कोण हे मला सांगावं लागलं नाही. आमच्या घरी एक फोटो होता. दोन घोडे, त्यांवर दोन तरुण, एक बाबा आणि दुसरे त्यांचे जिवलग दोस्त, आणि मध्ये काठी घेऊन उभे आजोबा. ते दोस्त शिकायला अमेरिकेला गेले ते इकडचेच झाले. आम्ही त्यांना न पाहताच अमेरिकेचे काका म्हणायचो. सुरुवातीला त्यांची पत्रं येत. बाबा उत्तरं पाठवत नसत. मला वाटायचं, कंटाळा.

"बाबा, काहीतरीच काय? आईनं म्हटलं ना, अंदाज केला."

"तिचे अंदाज मला माहीत आहेत. चाळीस वर्षांत तिला पावसाचा अंदाज आला नाही." आणि लगेच, "तू घरी असतेस तेव्हा थोडं लक्ष ठेव."

"कशावर?"

"मी फिरायला जातो तेव्हा आपला फोन एंगेज लागतो. परवा मी त्या गॅस स्टेशनवरून लावून पाहिला."

मला राग आला. साठी उलटलेल्या आईवर लक्ष ठेवायला सांगणारा बाप! पण संशयाचं असं असतं, एकदा कुणी कानात घातला की आपलं ऐकणंच बदलतं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा घरून काम करत होते. बाबा नुकतेच बाहेर पडले होते, मी वरच्या खोलीत होते. फोन वाजला आणि पहिली रिंग पुरी व्हायच्या आत आईने उचलला. मग तिचं हसणं ऐकू आलं. आई एरवी तोंडावर पदर धरून हसते. हे हसणं मोकळं होतं, कॉलेजातल्या मुलीसारखं. मी जिन्यात येऊन उभी राहिले.

"नाही, नाही," ती म्हणत होती, "त्यांना काहीच माहीत नाही. माहीत होऊही द्यायचं नाही."

जिना वाजला. आईने फोन ठेवला.

"कोण होतं गं?"

"राँग नंबर."

ती आत गेल्यावर मी फोनच्या छोट्या पडद्यावर आलेला नंबर पाहिला. न्यू जर्सीचा कोड होता. मी बाबांना काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आई मला वेगळी दिसायला लागली. ती खिडकीत उभी राहिली तरी मला वाटे, बाबा किती लांब गेले ते बघते आहे. ती केस विंचरून लवकर तयार झाली तरी माझ्या डोक्यात प्रश्न. माझीच मला लाज वाटत होती, आणि तरी मी बघत होते.

मग एका रविवारी अमेरिकेच्या काकांचा उघड उघड फोन आला आणि त्यांनी बाबांना फोनवर बोलावलं. बाबा "हं, हं, बघू" एवढंच बोलले. फोन ठेवून म्हणाले, "जर्सी सिटीला बोलावून राहिला. बायको गेल्यावर घर विकून आता फ्लॅटमध्ये राहतो म्हणे. राहायलाच या म्हणतो."

"जाऊ या की," आई लगेच म्हणाली. "एवढे आलोच आहोत, तर न्यूयॉर्कही पाहून होईल."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "तुला काहून एवढी घाई?"

"मला कशाची घाई? तुमचाच दोस्त आहे."

मला वाटलं, बाबा नाही म्हणणार. पण ते म्हणाले, "जायचं. समोरासमोर विचारतो."

शुक्रवारी सकाळी निघालो. नवरा आदल्या दिवशीच आला होता, पण त्याला वातावरण कळलं आणि त्याने शहाणपणाने ऑफिसचं काम काढलं. मी ड्राइव्ह करत होते, बाबा शेजारी, आई मागे. एरवी बाबा रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचतात. त्या दिवशी बाल्टिमोर मागे पडलं तरी एक शब्द नाही. मधे एका रेस्ट एरियात थांबलो. आईने डबा उघडला, बाबांनी पोळीचा रोल हातात घेतला आणि विचारलं, "तो अजून तसाच दिसत असेल काय?"

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "मी कुठे पाहिलं त्यांना?"

"आवाजावरून काही कळतं का म्हणून विचारलं."

आईने थर्मासचं झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसली.

काकांची बिल्डिंग खूप उंच होती, काचेची. खाली ट्रेनमधून उतरलेली माणसं पाठीवर बॅगा टाकून घाईघाईने चाललेली. काका लॉबीत येऊन उभे होते. उंच, सडपातळ, डोक्यावर दाट पांढरे केस. त्यांनी बाबांना मिठी मारली. बाबांचे हात खालीच राहिले. मग काकांनी आईला दोन पावलं लांबून नमस्कार केला. "या वहिनी. प्रवास बरा झाला ना?"

"हो, झाला," आई जमिनीकडे बघत म्हणाली.

मलाही ते खटकलं. इतक्या वर्षांनी भेटणारी माणसं निदान एकमेकांची तोंडं तरी नीट बघतात.

घर नीटनेटकं होतं. मोठ्या खिडकीतून नदी आणि पलीकडचं मॅनहॅटन. टेबलावर जेवण मांडलेलं. "मीच केलं आहे," काका म्हणाले, "सांभाळून घ्या." झाकण काढलं तर पाटवडीचा रस्सा. लालभडक तर्री, वर कोथिंबीर. आमच्या नागपूरकडे हा पाहुण्यांसाठीचा बेत. बाबांनी वडी मोडली, रस्सा ओढला, एक घास खाल्ला आणि हात थांबवला.

मीही एक घास घेतला आणि मला कळलं. आई रश्शात भाजलेल्या जवसाची पूड घालते. तिच्या आईची पद्धत. दुसरीकडे कुठेही मी तो स्वाद घेतलेला नाही.

"रस्सा कोणी शिकवला बे?" बाबांनी विचारलं.

"इंटरनेटवर मिळतं सगळं आजकाल."

"जवस घालतात म्हणून लिहिलं आहे इंटरनेटवर?"

काकांनी पाण्याचा ग्लास उचलला. आई पानातल्या भाताकडे बघत होती.  बाबांनी रस्सा पुन्हा घेतला नाही.

जेवणं झाल्यावर काकांनी जरा उसन्या उत्साहाने टाळी वाजवली. "तुझ्यासाठी एक चीज आणून ठेवली आहे." टीव्हीखालच्या कप्प्यातून त्यांनी एक डीव्हीडी काढली. कव्हरवर निळ्या वर्दीतले दोन घोडेस्वार आणि मध्ये छत्रीवाली मुलगी. "किती शोधली माहीत आहे? आज चौघं मिळून पाहू."

बाबांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, ते आता उखडतील. पण ते घाबरल्यासारखे दिसले. "आता नको. जेवण जास्त झालं."

"काहून बे? तुझा तर जीव होता या पिक्चरवर."

"मग कधीतरी पाहू."

"लावा," आई म्हणाली. "मलाही पाहायचा आहे."

काकांनी लावला. आई सोफ्याच्या या टोकाला, बाबा त्या टोकाला, मी मध्ये, काका बाजूच्या खुर्चीत. किल्ला आला, मेजर आला, कॅप्टन घोड्याला खरारा करताना दिसला. हळूहळू काकांचा ताण गेला. ते गुडघ्यावर ताल धरायला लागले. परेड सुरू झाली, वारा सुटला, छत्री उडाली, घोडा उधळला, लेफ्टनंट पडला. काका खो खो हसत आईकडे वळले, "इथे तू केवढ्यानं किंचाळली होतीस! पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून..."

आणि थांबले.

पडद्यावर ती मुलगी धावत होती.  त्या 'तू'चा आवाज माझ्या कानांत राहिला होता. तासाभरापूर्वीच्या 'वहिनी' कुठल्या कुठे गेल्या होत्या.

"किती वेळा?" बाबांनी विचारलं.

"ऐक ना..." काका म्हणाले.

"मी तिला विचारून राहिलो."

आईने मान वर केली. तिचा आवाज अगदी साधा होता. "एकदा. आणि माझी ताई मधे बसली होती. ताईला हे स्थळ माझ्यासाठी पसंत होतं. मुलगा एकदा नीट बघून घे म्हणाली, म्हणून आमच्या बाबांना न सांगता घेऊन गेली."

"मी नंतर ताईंकडे लग्नाचं विचारलं," काका म्हणाले. "थोड्या दिवसांनी नाही म्हणून निरोप आला. बस, एवढंच आहे. लपवण्यासारखं काही घडलंच नाही बे."

"घडलंच नाही, तर दोघांनी मिळून चाळीस वर्षं लपवलं काहून?"

 बाबा उठले, दाराशी जाऊन बूट घालू लागले. नाड्या बांधता येईनात, तर तशाच आत खोचल्या. आई मला म्हणाली, "जा त्यांच्यामागे. त्या लिफ्टमध्ये गोंधळतील."

नदीकाठी फिरायला बांधलेला रस्ता आहे, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. ऊन होतं, पण वारा होता. समोरून एक फेरी पलीकडे चाललेली. बाबा तिच्याकडे बघत होते.

"तिला बघायला नेलं, ती गेली. त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "तेव्हा आमचं काही ठरलेलंही नव्हतं. पण मी इतकी वर्षं तो पिक्चर सांगत आलो. तुम्हा पोरांसमोर, पाहुण्यांसमोर, तुझ्या लग्नात व्याह्यांसमोर. अन् ती बसून ऐकायची. मग काय झालं, म्हणून विचारायची! तिनं तो पाहिलेला होता गं. मी सांगून राहिलो अन् तिला सगळं माहीत. कसा दिसलो असेन मी तिला?"

बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. मला कुरणाशी उभं राहून त्यांनी सांगितलेलं आठवलं, टीव्ही बंद करतानाचा त्यांचा चेहरा आठवला, आणि आत्ता डीव्हीडी पाहिल्यावरचा. हे सगळं फक्त आईच्या गुपिताने जुळत नव्हतं.

"बाबा, त्या दिवशी तुम्ही टीव्ही काहून बंद केला?"

"राग आला."

"राग तुम्ही आईवर काढलात. टीव्ही त्याच्या आधी बंद केलात. आणि आजही तुम्हाला पिक्चर लावायचा नव्हता."

त्यांनी हात सोडवून घेतला. "चल वर," ते म्हणाले. "ऊन लागून राहिलं."

वर गेलो तर पिक्चर थांबवून ठेवलेला. "तुझ्याशिवाय पुढे जायचं नाही, असं वहिनींनी बजावलं," काका म्हणाले. बाबा आपल्या जागी बसले.

वेढा पडला. कॅप्टन एकटा बाहेर पडला, मदत घेऊन आला, इथपर्यंत सगळं बाबांनी सांगितल्यासारखं. मग मेजरच्या मुलीने कॅप्टनला बाजूला बोलावलं आणि त्याचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी सांगितलं. पुढच्या दृश्यात किल्ल्याचा दरवाजा उघडला. हात गळ्यात बांधलेला लेफ्टनंट घोड्यावर, बाजूच्या बग्गीत मेजरची मुलगी, मागे सामान. दोघं निघून गेली. दरवाज्यात कॅप्टन उभा होता. धूळ खाली बसेपर्यंत त्याचा सॅल्यूट खाली आला नाही.

"हे काय?" मी म्हटलं. "ती लेफ्टनंटबरोबर जाते?"

"मग कोणाबरोबर जाईल?" काका म्हणाले. "पहिल्यापासून त्याच्यावरच असते ती."

मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

"यांनी मला ग्राउंडवर सांगितला हा पिक्चर," आई म्हणाली. माझ्याशी बोलत होती, पण ऐकवत होती त्यांना. "मी माझ्या बाबांसाठी चहा घेऊन जायची. यांचा घोडा मोकळा व्हायला वेळ असायचा. तेवढ्या वेळात थोडा थोडा सांगत. मी तो त्याच आठवड्यात पाहिलेला. पण चोरून पाहिलेला, सांगणार कशी? म्हणून ऐकत राहिले. तर छत्रीच नाही! पडणंही नाही. मनात म्हटलं, विसरले असतील. शेवटच्या दिवशी यांनी त्या बिचाऱ्या लेफ्टनंटला बदलीवर पाठवलं अन् कॅप्टनचं लग्न लावून दिलं. मी म्हटलं, बाप्पा! हा माणूस एवढं धडधडीत खोटं काहून बोलून राहिला? म्हणून तोंडाकडे पाहिलं, तर कानापर्यंत लाल." ती जराशी हसली, पदर तोंडावर धरून. "तेव्हा कळलं मला. घरी जाऊन ताईला सांगितलं, त्यांना नाही म्हणून कळव."

बाबांनी मान वर केली. "तू तेव्हाच बोलली काहून नाही?"

"बोलले असते, तर तुम्ही पुन्हा कधी सांगितला असता का?"

"म्हणजे मला यानं बदलीवर पाठवलं!" काका एकदम मोठ्याने हसले. "अन् मी खरंच गेलो की बे!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि चहा टाकतो म्हणून उठून गेले. चहाला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

फोनचंही मग कळलं. बाबांनी पत्रांना उत्तरं दिली नाहीत, फोनवर दोन शब्दांपुढे बोलत नाहीत, म्हणून काका बाबांच्या फिरण्याच्या वेळी आईला फोन करत होते. काय आणलं तर तो खूश होईल, काय रांधू, एवढंच त्यांना हवं होतं. पिक्चर आणि पाटवडी ही दोघांनी मिळून ठरवलेली मेजवानी. बाबांना त्यातलं काहीच माहीत होऊ द्यायचं नव्हतं. आईने टीव्हीवर छत्री पाहिली आणि जीभ घसरली, तिथून सगळं बिनसलं.

त्या संध्याकाळी बाबांनी उरलेला रस्सा गरम करून मागितला. दुसऱ्या दिवशी दोघं दोस्त न्यूयॉर्क बघायला गेले आणि तिथे एका बग्गीच्या घोड्याचा खूर नीट नाही म्हणून बग्गीवाल्याशी वाद घालून आले. सगळं ठीक झालं असं मला वाटलं.

परतीच्या वाटेवर, डेलावेअरचा पूल ओलांडताना, बाबा म्हणाले, "एक विचारू का?"

"विचारा," आई मागून म्हणाली.

"त्याला नाही म्हटलं, ते फक्त माझ्या त्या खोट्यामुळे?"

आईने विचार केला. तिने खोटं बोलायला हवं होतं, पण तिला बहुतेक आता कंटाळा आला होता. "ते अमेरिकेला जाणार होते, तेही होतंच. मला माझ्या बाबांना सोडून एवढं लांब जायचं नव्हतं."

 मेरीलँडची पाटी गेली. त्यानंतरही बरेच मैल गेले.

"म्हणजे, तो नागपुरातच राहिला असता तर?"

"पुढे कुठे थांबता येईल का गं?" आई मला म्हणाली. "यांना भूक लागली आहे."

दोघं ऑक्टोबरमध्ये नागपूरला परतले. त्यानंतर दर रविवारी सकाळी बाबा स्वतः काकांना फोन लावायला लागले. फोनच्या कार्डावरचे आकडे दाबायला त्यांना चष्मा लागे, तरी दुसऱ्या कुणाला दाबू देत नसत. तासभर बोलत. मला वाटायचं, दोस्ती जुळली. आई म्हणायची, "कसली दोस्ती? राखण करून राहिले. यांनी फोन केला म्हणजे त्यांना करायला नको." दोन्ही खरं असावं.

पुढच्या वर्षी एका रविवारी आईने मला फोनवर सांगितलं, की आज बोलता बोलता बाबांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला. म्हणाले, "घे, तूही बोल. मी पानठेल्यावर जाऊन येतो." आणि खरंच चपला घालून गेले.

"मग बोललीस का?"

"बोलले की. त्यांच्या पाठदुखीचं सांगत होते. पण हे लगेच परतही आले. म्हणे, ठेला बंद होता."

"होता का बंद?"

"रविवारी सकाळी?" आई म्हणाली. "मला तर नाही वाटत."